तुळाजीचे बिनलोखंडाचे घर

लाल मातीच्या टेकाडाखाली, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात तुळाजी नावाचा एक कुंभार राहत असे. त्याच्या बायकोचे नाव सगुणा आणि मुलीचे कौतिक. सकाळी नदीवरून धुके गावात येई, संध्याकाळी भट्टीचा धूर नदीकडे जाई, आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात तुळाजीचे चाक फिरत असे. कौतिक चाकासमोर बसून मातीच्या चिमण्या करी. त्या चिमण्यांना चोच असे, पंख असत, पाय मात्र नसत. कुणी विचारले तर ती म्हणे, "उडणाऱ्यांना पाय कशाला?"

एका संध्याकाळी सगुणा टेकाडावरून माती खणून घरी आली. तेवढ्यात पावसाचे टपोरे थेंब पडू लागले. अंगणात कच्ची मडकी वाळत ठेवली होती. तिने हातातली कुदळ दाराशी टेकवली आणि ती मडकी उचलायला धावली. तुळाजीही धावला. पाऊस आला म्हणून कौतिक नाचत घरातून बाहेर आली. उजेड अंधूक होता. तिचा पाय कुदळीच्या पात्यावर पडला.

जखम लहानशी होती. हळद भरली, फडके बांधले. काही दिवसांनी पोरीची दातखीळ बसली. वैद्य आला, नाडी पाहिली आणि औषध न देता परत गेला. मग घरात दोघेच उरली.

तुळाजी सगुणेला एका शब्दाने बोलला नाही. गावातली माणसे म्हणाली, "केवढा समजूतदार माणूस!" सगुणा मात्र त्या एका शब्दाचीच वाट पाहत होती. तो शब्द रागाचा असता, तरी तिला चालला असता. तो रागावला असता, तर आपण अजून त्याच्या कुणीतरी आहोत, असे तिला वाटले असते.

नागपंचमी आली. तुळाजीने दरवर्षीप्रमाणे मातीचे नाग केले, सगुणेने ते घरोघरी पोचवले. त्या गावात नागपंचमीचा नेम कडक होता. त्या दिवशी जमीन खणायची नाही, भाजी चिरायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. कोयते, कुदळी, विळ्या, तवे, सुया आदल्या संध्याकाळीच गोठ्यात नेऊन घोंगडीखाली झाकून ठेवायच्या. लोहाराचा भातासुद्धा त्या दिवशी गप्प असे. घरोघरी पुरणाची उकडलेली दिंडे होत आणि गावावर एक मऊ शांतता पसरे. दुरून झोपाळ्यावरच्या बायकांची गाणी तेवढी ऐकू येत.

त्या दुपारी तुळाजीला डोळा लागला. पोर गेल्यापासून त्याला झोप अशी लागलीच नव्हती. अर्धवट झोपेत त्याला पावले ऐकू आली. अनवाणी, ओली, लहान पावले. ती उंबऱ्यावरून आत आली, चाकापर्यंत धावत गेली आणि थांबली. तुळाजीने डोळे उघडले. कुणी नव्हते. जमिनीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता आणि तो हळूहळू सरकत होता.

तुळाजी तसाच पडून राहिला. त्याला लहानपणी ऐकलेले आठवले. जिथे लोखंड असते, तिथे मेलेली माणसे येत नाहीत. म्हणून तर बाळंतिणीच्या उशाशी विळी ठेवतात. त्याच्या मनात आले, आज घरात लोखंड नाही, म्हणून पोर आली. उद्या घोंगडी निघेल, विळी घरात येईल, आणि ती दारातूनच परत जाईल.

संध्याकाळी तो म्हणाला, "सगुणा, उद्यापासून घरात लोखंड नको."

"कसलं लोखंड?"

"कसलंच नको."

सगुणेने त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांसमोर ती कुदळ आली. तिला वाटले, जे तोंडाने म्हणायचे नाही ते हा आता असे म्हणतो आहे. ती म्हणाली, "बरं."

त्याने कारण सांगितले नाही. तिने विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरातले लोखंड बाहेर जाऊ लागले. आधी कुदळ आणि खुरपे गेले. मग विळी, तवा, उलथणे, चिमटा, सुई. सगळे शेजारच्या बायजाआत्याच्या पडवीत जाऊन पडले. बायजाआत्या म्हातारी आणि तोंडाने फटकळ होती. ती म्हणाली, "आता माझ्याकडे विळ्या झाल्या तीन आणि दात राहिलाय एक. काय चिरू मी आणि काय चावू?"

तुळाजी कुंभार होता, म्हणून त्याला हे सोपे वाटले. त्याने भाकरीसाठी मातीचे खापर केले, आमटीसाठी मातीचा पळा केला. सगुणा भाज्या हाताने मोडू लागली. दुधी मात्र मोडेना. मग सगुणा तो अंगणातल्या दगडावर आपटून फोडी. कुंपणापलीकडून बायजाआत्या विचारी, "सगुणे, भांडण कुणाशी चाललंय? दुध्याशी की नवऱ्याशी?" सगुणा खाली मान घालून तुकडे गोळा करी.

तुळाजी दुपारी दाराकडे तोंड करून निजू लागला. पण पावले आली नाहीत. मग त्याला वाटे, घरात अजून कुठेतरी लोखंड राहिले असणार. तो उठून शोधू लागे, आणि ते सापडेच. जात्याच्या पोटातला खिळा लोखंडाचा होता. जाते गेले. मग सगुणा दाणे उखळात कुटू लागली. बाजेच्या सांध्यात खिळे होते. बाज गेली, दोघे जमिनीवर निजू लागली. दाराला बिजागऱ्या होत्या, कडी होती, कोयंडा होता. दार गेले. विहिरीच्या रहाटाचा कणा लोखंडी होता, म्हणून पाणी नदीवरून येऊ लागले. सरपण तोडायला कुऱ्हाड नव्हती, म्हणून सगुणा पडलेल्या काटक्या वेचून आणू लागली. लुगडे फाटले तर ती गाठ मारी. लुगड्याला इतक्या गाठी झाल्या की चालताना त्या तिच्या पायांना लागत.

न्हावी आला. तुळाजीने त्याला अंगणातच थांबवले. न्हावी म्हणाला, "वस्तरा नको? मग काय, दाढी पेटवून देऊ का?" तुळाजी हसला नाही. त्याची दाढी वाढत गेली. वाटेने जाणारी परगावची माणसे त्याला साधू समजून नमस्कार करू लागली.

एका दुपारी त्याला स्वप्न पडले. गावातले सगळे लोखंड नदीकडे निघाले होते. तवे घरंगळत होते, चिमटे बगळ्यांसारखे एकेक पाऊल टाकत चालले होते, सुया धुळीतून चांदीच्या मुंग्यांसारख्या रांगेने जात होत्या. कुणीही रागावलेले नव्हते. सगळे लोखंड पाण्यात उतरले, आणि पाणी पुन्हा सपाट झाले. मग गाव इतके शांत झाले की भिंतीवरून ऊन खाली उतरताना ऐकू येत होते. तुळाजी रिकाम्या दारात वाट पाहत बसला. आता तरी ती येईल, असे त्याला वाटले. पण ती येण्याआधीच त्याला जाग आली. समोर सगुणा होती. ती लाकडाच्या टोकाने खणलेली माती डोक्यावरून उतरवत होती. तुळाजीने तिच्याकडे पाहिले आणि तिच्यामागच्या वाटेकडे पाहिले. वाट रिकामी होती.

असे दिवस जात राहिले. घर पक्ष्याच्या घरट्यासारखे झाले. वारा एका बाजूने येई आणि दुसऱ्या बाजूने जाई.

मग एके सकाळी हैबती लोहार आला. हैबती मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस होता. तो अंगणातूनच ओरडला, "तुळाजी, एक रुंद तोंडाचं मडकं दे. तापलेलं पातं विझवायला पाणी ठेवायचंय."

तुळाजी म्हणाला, "लोहाराला मी मडकं देत नाही."

हैबती कमरेवर हात ठेवून हसला. "वा रे वा! लोखंडाची मडकी विकतोस आणि लोहार चालत नाही?"

"माझी मडकी मातीची आहेत."

"आणि माती लाल कशानं झालीय? माझा आजा या टेकाडाचेच तांबडे दगड कोळशात भाजून लोखंड काढायचा. तुझं मडकं भट्टीतून लालभडक होऊन निघतं ना? तो रंग लोखंडाचाच. तुझं घरही याच मातीचं. तू तर लोखंडात बसून लोखंडाला हाकलतोयस गड्या!"

हैबती थट्टेने बोलला आणि रिकाम्या हाताने निघून गेला. तुळाजी मात्र बसल्या जागी बसून राहिला. त्याने भिंतींकडे पाहिले. भिंती लाल होत्या. त्याने आपले तळहात पाहिले. तळहातांच्या रेघांत लाल माती भरलेली होती. पावले का आली नाहीत ते आपल्याला आता कळले, असे त्याला वाटले.

नदीच्या उगमाकडे, पलीकडच्या खोऱ्यात पांढरी माती आहे, असे फिरते व्यापारी सांगत. तुळाजीने ते खोरे पाहिले नव्हते. पण त्या दिवशी त्याला ते डोळ्यांसमोर दिसू लागले. पांढरी जमीन, पांढऱ्या भिंती, पांढरी मडकी, आणि मधोमध एक उघडे दार.

तो सगुणेला म्हणाला, "आपण हे घर सोडू. पांढऱ्या मातीच्या खोऱ्यात जाऊ."

"कधी?"

"उद्या उजाडलं की."

 संध्याकाळी सगुणा दारात बसून दोन घोंगड्या एकमेकींना जोडू लागली. वाटेत सामान न्यायला पोते हवे होते. सुई नव्हती. तिने बाभळीचा लांब काटा घेतला, त्याला दोरा बांधला आणि ती टाके घालू लागली. घोंगडी जाड होती. तिने जोर केला. काटा घोंगडीतून पार झाला, तिच्या तळहातात शिरला आणि आत मोडला.

तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तुळाजी उठला.

"काय झालं?"

"काटा मोडला."

"बघू."

त्याने तिचा हात हातात घेतला. कौतिक गेल्यापासून त्याने तो हात धरला नव्हता. नखे मुळापर्यंत झिजली होती. लाकडाने माती खणून खणून तळव्याला भेगा पडल्या होत्या आणि भेगांत माती बसली होती. मधोमध एक काळा ठिपका होता. त्याच्याभोवती कातडी फुगू लागली होती. जखम लहानशी होती.

"हळद लाव," तुळाजी म्हणाला.

सगुणा किंचित हसली. "तेव्हाही हळदच लावली होती."

हे दोघांपैकी कुणीही आजवर बोलले नव्हते.  सगुणा आता थांबली नाही.

"तुम्ही विळी काढलीत, जातं काढलंत, दार काढलंत. दर वेळी मला वाटलं, आता म्हणतील, कुदळ हिनं ठेवली होती. तुम्ही म्हणाला नाहीत. नुसती एकेक वस्तू बाहेर नेलीत. आता मातीतसुद्धा लोखंड आहे म्हणून गाव सोडताय. मग मला कशाला बरोबर नेता? या घरातलं सगळ्यांत मोठं लोखंड मीच आहे. मला इथंच ठेवा."

तुळाजीने तिच्याकडे पाहिले. त्याला जणू कुणी पाण्यातून वर ओढले होते.

"तुला असं वाटलं?"

"दुसरं काय वाटणार? तुम्ही बोलता कुठं?"

"अगं, ती यावी म्हणून..." तुळाजीला पुढे बोलता येईना. मग तो तुटक तुटक सांगू लागला. नागपंचमीची दुपार, ओली पावले, उंबऱ्यावरून चाकापर्यंत. लोखंड असले की ती येणार नाही, ही भीती. रोज दुपारी दाराकडे तोंड करून पडणे.

सगुणेने सगळे ऐकून घेतले. मग ती हळूच म्हणाली, "आणि मला सांगितलं नाहीत. मीही कान देऊन बसले असते. माझी नव्हती का ती?"

 दारात बसलेल्या त्या दोघांच्या अंगावरचे ऊन फिके होत गेले. मग तुळाजी म्हणाला, "राग होता. नव्हता असं नाही. फार होता." आणि मग जो शब्द इतके दिवस अडला होता, तो बाहेर आला. "का ठेवलीस गं दाराशी?"

"पाऊस आला होता."

तुळाजीने मान हलवली. "हो. पाऊस आला होता. मीही मडक्यांकडेच धावलो."

सगुणा रडली. तुळाजीही रडला. दोघे एका जागी बसून पहिल्यांदाच रडत होती.

दिवेलागण झाली. सगुणेचा हात फुगत चालला होता. काटा खोल होता, नखाने निघण्यासारखा नव्हता. तुळाजीला ठाऊक होते की सुई लागेल. त्याला दुसरेही ठाऊक होते. सुई घरात आली की त्याची सगळी आस मोडणार होती. तो उंबऱ्यावर उभा राहिला. एक पाय घरात होता, एक अंगणात. त्याने मागे वळून चाकासमोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग तो शेजारी गेला.

"आत्या, सुई द्या."

बायजाआत्या दिव्याला हात जोडत होती. ती वळली. "तिन्हीसांजेची सुई मागतोस? तुळ्या, दाढी वाढली तशी अक्कल झडली वाटतं. या वेळेला घरातून सुई देतं का कुणी?"

"सगुणेच्या हातात काटा मोडलाय."

 म्हातारी आत गेली. बाहेर येऊन तिने सुई उंबऱ्यावर ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवले. "मी दिली नाही. तू उचललीस. जा लवकर."

तुळाजीने सुई आणली. दिव्याच्या ज्योतीत धरली, निवू दिली. मातीच्या वाडग्यातल्या कढत पाण्याने त्याने सगुणेचा हात धुतला, भेगांतली माती काढली. मग हात आपल्या मांडीवर घेतला आणि दिवा जवळ ओढला. त्याच्या बोटांना मडक्याच्या काठावर नखाएवढी नक्षी काढायची सवय होती, पण आता ती काट्यापाशी जाऊन मागे फिरत होती.

"दुखलं तर ओरड," तो म्हणाला.

"तुमच्यावर?"

"माझ्यावरच."

"मग आधी ती दाढी काढा. ओरडायला समोर माणसाचं तोंड तरी दिसू दे."

तुळाजी हसला.  त्याने सुईचे टोक कातडीखाली सरकवले. सगुणेने दुसऱ्या हाताने त्याचा गुडघा घट्ट धरला.

त्याच वेळी दाराशी काहीतरी वाजले. अनवाणी पावलासारखे, हलके, एकदाच. वारा असेल, वाळलेले पान असेल. सगुणेने मान वळवून दाराकडे पाहिले, आणि मग ती तुळाजीकडे पाहू लागली.

तुळाजीने ते ऐकले होते. पण त्याने डोके वर केले नाही. काट्याचे टोक सुईला लागले होते.

तात्पर्य : जो गेला त्याच्यासाठी घर कितीही मोकळे केले, तरी जो उरला त्याच्याशी बोलल्याशिवाय दुःख हलके होत नाही, म्हणून ज्या हातात काटा आहे, तो हात आधी धरावा.